थायरॉइड ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया: पुण्यातील एका रुग्णालयाच्या सेवेविषयी अभिप्राय

पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात माझी थायरॉइड ग्रंथी पूर्णपणे काढण्यात आली. शस्त्रक्रियेपूर्वी मिळालेली माहिती, वॉर्डातील देखरेख आणि घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा या तिन्हींविषयी हा अभिप्राय आहे. त्यात काही गंभीर त्रुटींचाही उल्लेख असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देणे मी टाळले आहे. या शस्त्रक्रियेत रुग्णालयाचा खरा कस शस्त्रक्रियागृहाइतकाच नंतरच्या दोन-तीन दिवसांत आणि घरी जाताना हातात पडणाऱ्या कागदात लागतो, असे माझे ठाम मत झाले आहे. खोलीची सोय किंवा मानेवरचा व्रण किती बारीक राहील, याच चौकशीत गुंतणाऱ्या रुग्णांनी हे आधी लक्षात घ्यावे.

समुपदेशनाला मी पूर्ण गुण देईन. सोनोग्राफीत ग्रंथीच्या दोन्ही भागांत गाठी दिसल्या होत्या आणि उजवीकडच्या गाठीतून सुईने घेतलेल्या पेशींचा अहवाल बेथेस्डा पद्धतीच्या पाचव्या वर्गाचा, म्हणजे कर्करोगाचा दाट संशय दाखवणारा आला होता. या पद्धतीत एकूण सहा वर्ग असतात, पाचव्या वर्गात निदान पक्के झालेले नसते आणि अंतिम उत्तर काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीतूनच मिळते, हे शल्यचिकित्सकांनी कागदावर आकृती काढून समजावले. अर्धी ग्रंथी काढली तर उरलेल्या भागावर भागू शकते आणि काहींना थायरॉइड संप्रेरकाची (हार्मोनची) गोळीही लागत नाही. पण माझ्या बाबतीत दुसऱ्या बाजूलाही गाठी असल्याने तो भाग ठेवला तर पुन्हा मान उघडावी लागण्याची शक्यता होती. दोन्ही बाजू मांडून झाल्यावर त्यांनी निर्णयासाठी आम्हाला वेळ दिला. मी प्राथमिक शाळेत शिकवते, हे त्यांनी स्वतःहून विचारून घेतले, कारण स्वरतंतू हलवणाऱ्या नसा ग्रंथीला अगदी लगटून जातात. शस्त्रक्रियेआधी नाकातून बारीक दुर्बीण घालून दोन्ही स्वरतंतूंची हालचाल तपासली गेली. ही तपासणी सगळीकडे होतेच असे नाही, पण आवाजावर पोट असलेल्या माणसाने तिची मागणी जरूर करावी.

ग्रंथीच्या मागे साधारणपणे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. तांदळाच्या दाण्यांपेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या या ग्रंथी रक्तातील कॅल्शियम सांभाळतात आणि थायरॉइड काढताना त्यांचा रक्तपुरवठा दुखावला तर कॅल्शियम घसरते. बहुतेकांमध्ये हा त्रास तात्पुरता असतो, थोड्या जणांमध्ये कायमचा राहतो. हे मला आधीच सांगितलेले असल्यामुळे दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा मी घाबरून न जाता लगेच सिस्टरना बोलावले.

वॉर्डातील देखरेख या सेवेचा सर्वांत भक्कम भाग होता. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चोवीस तासांत, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत, मानेत आतल्या आत रक्तस्राव होऊन श्वासनलिकेवर दाब येण्याचा धोका असतो. असे घडले तर खाटेवरच टाके उघडून दाब कमी करावा लागतो. त्यासाठीचा संच माझ्या उशाशी ठेवलेला होता आणि तो कशासाठी आहे हे माझ्या पतींना सांगितलेले होते. रात्रपाळीच्या सिस्टर दर फेरीला मानेची सूज आणि जखमेतील रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतील रक्त पाहत, मला मोठ्याने नाव सांगायला लावत आणि घोटभर पाणी पिताना ठसका लागतो का, ते बघत. पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाची तपासणी त्याच संध्याकाळी झाली, कॅल्शियमची दुसऱ्या सकाळी. मुंग्यांची तक्रार करताच रक्त पुन्हा तपासले, कॅल्शियमच्या गोळ्या वाढवल्या आणि कॅल्शियम शोषायला मदत करणाऱ्या कॅल्सिट्रिऑलची (ड जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाची) जोड दिली. मुंग्या पूर्ण थांबेपर्यंत मला घरी सोडले नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. घाईने घरी पाठवलेल्या रुग्णाला हात वाकडे होऊन पुन्हा तातडीच्या विभागात यावे लागू शकते, कारण कॅल्शियम अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळाला जाते.

मात्र याच वॉर्डात सकाळच्या चहाबरोबर लेव्होथायरॉक्सिन (काढलेल्या ग्रंथीच्या संप्रेरकाची जागा घेणारी गोळी) आणि कॅल्शियम या दोन्ही गोळ्या एकाच वाटीतून देण्यात आल्या. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, निव्वळ पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावे लागते आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी. एरवी औषध आतड्यात नीट शोषलेच जात नाही. डिस्चार्ज कार्डावरही दोन्ही गोळ्यांपुढे केवळ ‘सकाळी’ असे लिहिलेले होते, तेही इंग्रजीत. माझी बहीण औषधनिर्माणशास्त्र शिकलेली असल्याने तिने हे लगेच ओळखले. पण गावाहून आलेल्या, इंग्रजी न वाचणाऱ्या रुग्णाने तो कागद जसाच्या तसा पाळला, तर महिनोन्‌महिने औषध घेऊनही थकवा का जात नाही, हे त्याला कळणार नाही. एवढी कुशल शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेने मराठीतले एक पानही देऊ नये, याचा मला मनापासून राग आला आणि तो मी लेखी तक्रारीत नोंदवला आहे.

गोळीचे महत्त्व किती आहे, हे इतिहासातूनही दिसते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली आणि त्यासाठी त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांचे शरीर आणि बुद्धी पुढे मंदावत जाते, हेही त्यांनीच १८८३ साली मांडले होते. तेव्हा ग्रंथीच्या संप्रेरकाला पर्याय नव्हता. आज तो औषधाच्या दुकानात सहज मिळतो, म्हणूनच तो नीट घेण्याची सूचना अस्पष्ट राहणे अक्षम्य वाटते. माझे वजन साठ किलोच्या आसपास असल्याने किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम या हिशेबाने रोज १०० मायक्रोग्रॅमची मात्रा सुरू झाली. मात्रा योग्य आहे का हे दाखवणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाची रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची असते. औषध रक्तात स्थिरावायला तेवढा अवधी लागतो, त्यामुळे दर आठवड्याला तपासणी करून मात्रा बदलण्यात काहीच अर्थ नसतो. बाटली उन्हापासून आणि दमटपणापासून दूर ठेवावी आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे केल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

घरी आल्यावर काही दिवस घसा दुखत होता, तो मुख्यतः भुलीच्या वेळी घातलेल्या नळीमुळे. मऊ भात, वरण, उपमा एवढेच गिळवत असे. मान ताठ धरून बसण्यापेक्षा हळूहळू दोन्हीकडे वळवण्याचे व्यायाम भौतिकोपचार विभागाने शिकवले होते, त्यांचा फार उपयोग झाला. आवाज फुटत होता, पण संध्याकाळपर्यंत थकत असे आणि वरच्या पट्टीत जात नसे. वाचा-उपचारतज्ज्ञांनी वर्गात ओरडण्याऐवजी ध्वनिवर्धक वापरण्याचा सल्ला दिला आणि शाळेनेही तो मान्य केला. आता कविता पूर्वीसारखी चालीत म्हणता येते.

ग्रंथीच्या तपासणीचा अहवाल तयार झाल्याचे मला कोणी कळवले नाही, दोनदा फोन करून विचारावे लागले. पॅपिलरी प्रकारचा, ग्रंथीपुरता मर्यादित असलेला लहान कर्करोग निघाला. या प्रकारात दीर्घकाळ निरोगी जगण्याची शक्यता खूप मोठी असते आणि माझ्या बाबतीत उरल्यासुरल्या थायरॉइड पेशी नष्ट करणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनची गरज नाही, असे तज्ज्ञांच्या बैठकीत ठरले. ही बातमी देताना शल्यचिकित्सकांनी आम्हा दोघांना पुरेसा वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

खर्चाविषयी इतकेच सांगते की नसांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचे आणि ग्रंथीच्या तपासणीचे शुल्क पॅकेजमध्ये धरलेले नव्हते, तेव्हा अंदाजपत्रक मागताना या दोन्ही बाबी स्वतंत्रपणे विचाराव्यात. विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत डिस्चार्जला संध्याकाळ झाली. संप्रेरकतज्ज्ञांची वेळ आठवड्यातून मोजक्याच दिवशी मिळते. बाहेरगावच्या रुग्णांनी शस्त्रक्रियेआधीच पुढची वेळ निश्चित करावी, शिवाय रक्ततपासणी आणि मात्रेतील बदल यांसाठी आपल्या गावातील फिजिशियनशी बोलून ठेवावे.