करवंदं: लोणचं, जेली, सरबत आणि सहा महिन्यांनंतरच्या बरण्या

एप्रिलात कच्ची, मे महिन्यात पिकलेली करवंदं भरली होती. ऑक्टोबरात बरण्या उघडल्यावरचा हा हिशेब. करवंद बिघडतं ते बहुतेक चिकामुळे, नाहीतर फळ चुकीच्या वेळी तोडल्यामुळे.

लोणच्याला हिरवी, टणकच घ्यावीत. देठ मोडला की पांढरा चीक ओघळतो, म्हणून आधी हाताला खोबरेल. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ घालून फळं रात्रभर ठेवली की बराच चीक सुटतो. मग पुसायची, ठेचायची आणि पंख्याखाली दोन तास पसरायची. हे वाळवणं घाईत उरकलं त्या बरणीवर जुलैत बुरशी आली. किलोला 180 ग्रॅम मीठ घातलेली आजही खमंग आहे, 100 ग्रॅमवाली पावसाळ्यात फसफसली.

खरी बाजी मारली जेलीने. करवंदात पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक, भरपूर, वरून काही घालावं लागत नाही. मात्र फळ लालसर, अर्धकच्चं हवं. काळंभोर झालं की पेक्टिन उतरतं आणि जेलीऐवजी पाक हाती येतो. फळं बुडतील एवढंच पाणी घालून वीसेक मिनिटं उकळायचं, मलमलीत टांगून रस आपोआप गळू द्यायचा. पिळलं की जेली गढूळ. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर. उकळताना पातेल्याच्या कडेला चिकाचं रबरासारखं कडं धरतं. बघून धडकी भरते, पण खाली रस लालभडक आणि नितळ असतो. ते कडं साबणाला दाद देत नाही. कोरड्या पातेल्याला तेल चोळून पुसावं, मग घासावं. पातेलं स्टीलचंच, आंबट रस ॲल्युमिनियमला खातो.

सरबताला काळीच लागतात. इथे ‘कोंबडा की कोंबडी’ कामाला येतं: आतून लाल निघालेला कोंबडा सरबतात, फिकी कोंबडी तोंडात. पिकलेली फळं लवकर आंबतात, आणली त्याच दिवशी उरकावीत.

औषधाचं म्हणाल तर आयुर्वेदात पिकलेलं पित्तशामक, कच्चं पित्त वाढवणारं. मुळांचा काढा जंतांवर सांगतात, तो घरी मुळीच करू नये. झुडूप कण्हेरीच्या कुळातलं आहे आणि मुळांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात.

बिया ताज्याच पेराव्यात. वाळवून ठेवलेल्या फारशा उगवत नाहीत.