बोटाच्या कड्याचा छोटा चाकू: गोदामातील रोजच्या वापरानंतरचा अनुभव

इंदूरच्या सियागंजात आमचा घाऊक किराण्याचा व्यवसाय आहे आणि गोदामात दिवसभर पुठ्ठ्याच्या पेट्या, पॅकिंगच्या पट्ट्या, सुतळी आणि गोणपाट कापावे लागते. या कामासाठी गेल्या दिवाळीनंतर मी न मिटणारा, अखंड पोलादाचा एक छोटा चाकू घेतला. त्याचे पाते जेमतेम अडीच इंचांचे, मूठ तीन बोटांत मावेल एवढी, आणि पाते व मूठ यांच्या सांध्यावर तर्जनी जाईल असे गोल कडे आहे. उन्हाळ्याचा घाम आणि पावसाळ्याची दमट हवा दोन्ही त्याने सोसल्यानंतर हे लिहीत आहे.

असे चाकू विकणारे बहुधा स्वसंरक्षणाची भाषा करतात. बोटात अडकवायचे हत्यार म्हटले की आपल्याला लगेच वाघनखे आठवतात, आणि २०२४ साली लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी ती आली तेव्हापासून तर जास्तच. दक्षिण-पूर्व आशियातील करंबित या चाकूलाही मुठीच्या टोकाला कडे असते, पण त्याचे पाते विळ्यासारखे वाकडे असते. माझ्या चाकूचा या घराण्याशी संबंध एवढाच की बोट भोकातून जाते. त्याचे पाते सरळ आहे आणि काम हमालाच्या शेजारी उभे राहून करायचे आहे.

त्या कामात कड्याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे बोट धारेवर घसरत नाही. आखूड मुठीच्या चाकूने जोर लावताना टोक एखाद्या कठीण जागी अडले की हात पुढे सरकतो आणि तर्जनीच कापली जाते. कडे असल्यावर ती जागची हलत नाही. हाताला तेल किंवा गुळाचा चिकटा लागलेला असतानाही पकड सुटत नाही. चाकू कड्यावर लटकता ठेवून दोन्ही हातांनी पेटी उचलता येते, असेही विक्रेते सांगतात, पण ते मला पटले नाही. पंजा मोकळा केला की उघडे पाते मनगटाजवळ लोंबू लागते, आणि त्या अवस्थेत पेटीचे झाकण उचलण्यापलीकडे काही करणे शहाणपणाचे नाही.

ताणलेली प्लॅस्टिकची पट्टी कापताना मी पेटीच्या एका बाजूला उभा राहतो, पात्याची पाठ पेटीकडे ठेवून ते पट्टीखाली सरकवतो आणि धार बाहेरच्या दिशेने ओढतो. पट्टी तुटून उसळते, तेव्हा चेहरा तिच्या वाटेत नसावा. शिवलेल्या गोणीला मात्र हा चाकू बहुतेक वेळा लागतच नाही. साखळी टाक्याच्या शिलाईचे योग्य टोक सापडले की एका हिसक्यात सगळा दोरा उसवतो आणि गोणीही शाबूत राहते.

आता कड्याची दुसरी बाजू. जे कडे चाकू हातातून सुटू देत नाही, ते बोटालाही चाकूपासून सुटू देत नाही. खिळ्यात किंवा यंत्रात अंगठी अडकून बोटाची कातडी सोलवटली गेल्याच्या दुखापती डॉक्टरांना चांगल्या ठाऊक आहेत, आणि येथे तर अंगठीला धारदार पाते जोडलेले आहे. म्हणून शिडीवर असताना, हातगाडी ओढताना किंवा मालाच्या लिफ्टजवळ असताना चाकू म्यानातच असतो. जाड दोरखंड जोर लावून कापायचा असेल तर तर्जनी कड्याबाहेर काढून मूठ आवळून धरतो. गोदामातील मुलांना मी हा चाकू देत नाही. त्यांना पाते बदलता येणारा साधा कटरच बरा.

बाळगण्याच्या बाबतीत सगळी भिस्त म्यानावर आहे. ते कायडेक्सचे, म्हणजे उष्णतेने मऊ करून आकार दिलेल्या कडक प्लॅस्टिकचे आहे. चाकू आत गेल्यावर ‘खट्ट’ असा आवाज आला नाही तर तो पक्का बसलेला नाही असे समजावे. सुरुवातीला मी तो गळ्यात घालत असे. त्यासाठी झटका बसताच तुटणारी मण्यांची साखळीच हवी, मजबूत दोरी नको, कारण ती कशात अडकली तर गळ्याला फास बसेल. मे महिन्यात मात्र घामाने म्यान छातीला चिकटू लागले, तेव्हा ते कमरेच्या पट्ट्यावर डाव्या बाजूला पुढे आडवे बांधले. पाठीमागे कमरेवर ते मुद्दाम नेले नाही. स्कूटरवरून पडलो तर मणक्यावरच आदळेल. चाकू परत घालताना म्यानाकडे पाहतो आणि म्यान धरलेल्या हाताचा अंगठा तोंडापासून दूर ठेवतो.

पोलाद डी-टू जातीचे आहे. त्यात साधारण १२ टक्के क्रोमियम असले तरी बराचसा भाग कार्बनशी बांधला जातो, त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नव्हे. धार खूप टिकते, पण पावसाळ्यात कड्याच्या आतल्या बाजूला, जिथे काळा लेप घासून गेला आहे, तिथे तांबूस ठिपके आले. रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे बोट फिरवले की पुरते. म्यानात अडकलेली धूळ पात्यावर ओरखडे पाडते, म्हणून तेही पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. निसण्यावर धार लावताना कडे दगडाच्या कडेला आपटते आणि त्याच्यालगतची धार बोथट राहते. अरुंद दगड घेतल्यावर ही कुरकुर मिटली.

कायद्याचे म्हणाल तर, शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४ खाली मध्य प्रदेशात १९७४ साली निघालेल्या अधिसूचनेनुसार सार्वजनिक ठिकाणी ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे आणि स्प्रिंगने उघडणारे कोणत्याही मापाचे चाकू विनापरवाना बाळगता येत नाहीत. माझा चाकू या मापात बसत नाही, तरीही अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या, गर्दीत किंवा रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात तो मी नेत नाही. पोलिसाला पात्याची लांबी समजावत बसण्याची हौस नाही. विमानाने जाताना तो हातातल्या बॅगेत चालत नाही.

विकत घेणाऱ्यांनी पात्याच्या लांबीआधी कड्याचा आतला व्यास विचारावा. माझ्या चाकूचे कडे २५ मिलिमीटरचे आहे, त्यातून उन्हाळ्यात सुजलेले बोटही सहज निघते, पण जाड हातमोजा घातला की अडते. कड्याची आतली कडा मूळची तीक्ष्ण होती आणि बोटावर निळसर वळ उठत असे. गोल कानस आणि मग बारीक पॉलिश पेपर फिरवून ती गोलसर करावी लागली, आणि एवढ्या किमतीत हे काम कारखान्यातच व्हायला हवे होते.