बॉक्स्टर की झेड-फोर: ट्रॅफिकमध्ये कोणाचं डोकं आधी तापतं?

सेकंड हँड स्पोर्ट्स कार शोधायला निघालं की दोन नावं हमखास शेजारी-शेजारी येतात. एक पोर्श बॉक्स्टर, ९८७ पिढीतली. दुसरी बीएमडब्ल्यू झेड-फोर एसड्राइव्ह ३५आय, ई८९ पिढीतली. दोन्ही दोन सीटच्या, दोन्हींचं छप्पर उघडतं, दोन्हींत सहा सिलिंडर. मोकळ्या रस्त्यावर कोणती भारी, यावर लोक रात्र-रात्र भांडतात. पण गाडी पुण्यात किंवा ठाण्यात ठेवायची असेल, तर वेगळा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मे महिन्याच्या दुपारी एसी चालू ठेवून घोडबंदर रोडवर पाऊण तास मुंगीच्या पावलांनी सरकायचं झालं, तर कोणती गाडी तग धरेल?

जागेवर उभं इंजिन फार उष्णता तयार करत नाही. अडचण हवेची असते. गाडी पळताना रेडिएटरला वारा फुकट मिळतो, थांबली की सगळी मदार पंख्यावर. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला, त्यामुळे केबिनमधून उपसलेली उष्णता आधी तिथे जाते आणि रेडिएटरला गरम हवाच मिळते. रेडिएटर किती काम करणार, हे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, आत फिरणारं पाणी) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट १०० अंश आणि हवा ४० असेल तर फरक ६०. पण स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीला लागलेलं, समोर एखादी बस धूर सोडत उभी. तिथे हवा ५० अंशांची झाली तर तोच रेडिएटर एक षष्ठांश कमी काम करतो. वेधशाळेचा आकडा ३८ असला तरी त्या नाकाला त्याचा काही उपयोग नसतो.

आणखी एक गैरसमज आधीच निकालात काढू. तापमानाचा आकडा शंभरच्या वर गेला म्हणजे पाणी उकळलं, असं नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल आणि कूलंटच्या टाकीचं झाकण दाब नीट धरत असेल, तर उकळबिंदू १२० च्या पुढे जातो. म्हणून १०४ पाहून घाम फोडून घेऊ नका. झाकणाचं रबर मात्र तपासून घ्या. ते सैल असेल तर वरचा हिशेब कोलमडला.

बॉक्स्टर: पाणी भरपूर, वाट लांबची

बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. काही मॉडेलांत मधे तिसराही असतो. पाणी गाडीच्या पोटाखालच्या लांब पाइपांतून पुढे जातं, थंड होतं, मागे येतं. एवढ्या वाटेमुळे यंत्रणेत वीस लिटरच्या आसपास कूलंट मावतं, साध्या हॅचबॅकच्या कितीतरी पट. ट्रॅफिकमध्ये हे वरदान, कारण एवढं पाणी तापायला वेळ लागतो. सिग्नलच्या दोन-तीन फेऱ्या ती आरामात पचवते. मात्र एकदा तापली की उतरतेही सावकाश.

खरी डोकेदुखी त्या दोन कोपऱ्यांत आहे. बंपरच्या तोंडातून हवेबरोबर जे जे येतं ते कंडेन्सरपुढे साठतं. गुलमोहराच्या पाकळ्या, पिंपळाची पानं, गुटख्याच्या पुड्या, पावसाळ्यात चिखल. वरून काहीच दिसत नाही. बंपर उतरवला की कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत ओल्या कचऱ्याची गादी सापडते. तिथे ओल धरून राहिली की ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या भुसभुशीत होतात आणि मग साफसफाईवर भागत नाही, भाग बदलावे लागतात. बाहेरून जाळी बसवून घेणं हा स्वस्तातला उपाय. पोर्शने ती कारखान्यातूनच का दिली नाही, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

दुसरी गोम पंख्यांत. या गाड्यांत पंखे दोन वेगांचे असतात आणि कमी वेगासाठी एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवून धरणारा भाग, असतो. तो जळतो, आणि जळल्याचा पत्ता लागत नाही, कारण जास्त वेग शाबूत असतो. मग होतं असं, की तापमान बरंच चढेपर्यंत पंखे गप्प आणि नंतर एकदम विमानासारखे सुटतात. मालक म्हणतो, ‘पोर्शचे पंखे असेच ओरडतात.’ ते असे ओरडत नाहीत. तपासणं सोपं आहे. इंजिन चालू करून एसी लावा आणि दोन्ही कोपऱ्यांपुढे कागदाचा तुकडा धरा. दोन्हीकडे तो हळूच आत ओढला गेला पाहिजे. एका बाजूला ओढला आणि दुसऱ्या बाजूला हलला नाही, तर भाव करायला जागा मिळाली.

पाण्याचा पंप पट्ट्यावर चालतो, म्हणजे इंजिनचे फेरे कमी तर पाण्याचा ओघही कमी. त्यामुळे जामात आकडा चढू लागला, की गाडी न्यूट्रलला घेऊन फेरे दीड हजारावर धरण्याचा जुना तोडगा इथे खरोखर लागू पडतो. सोबत एसी बंद करा, हीटर पूर्ण उघडा आणि छप्पर खाली घ्या. लोक बघतील. बघू देत.

झेड-फोर: मुद्दाम गरम, आणि विजेच्या भरवशावर

ई८९ च्या ३५आयमध्ये एन५४ हे तीन लिटरचं, सरळ रांगेतलं, दोन टर्बोंचं इंजिन आहे. इंजिन पुढे, रेडिएटर त्याच्यापुढे, पाइप आखूड. पण ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून पहिल्यांदा आकडा पाहणारा माणूस दचकतो. हलक्या ओझ्यावर ही गाडी कूलंट मुद्दाम १०८ अंशांपर्यंत नेते. त्यापुढच्या पायऱ्या १०४, ९५ आणि ९० च्या. ओझं वाढलं की संगणकच थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप, उघडून इंजिन थंड करतो. गरम तेल पातळ असतं, घर्षण कमी होतं, पेट्रोल वाचतं, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे सिग्नलला बॉक्स्टर १०० दाखवत असेल आणि झेड-फोर १०६, तर झेड-फोर आजारी आहे असं नाही. दोघींच्या आकड्यांची थेट तुलना करून निर्णय घेणारे इथेच फसतात.

ट्रॅफिकसाठी तिचा मोठा गुण म्हणजे विजेवर चालणारा पाण्याचा पंप. इंजिन नुसतं गुरगुरत असलं तरी पंप हवा तेवढा ओघ देतो. एक्सलेटर दाबून फेरे वाढवायचा तोडगा इथे निव्वळ पेट्रोलची नासाडी. गाडी बंद केल्यावरही टर्बोंची धग काढायला पंप आणि पंखा काही वेळ चालू राहतात. सोसायटीचा वॉचमन हमखास सांगायला येतो, ‘साहेब, गाडी चालूच राहिलीय.’

आता काळी बाजू. हाच पंप जातो, आणि सांगून जात नाही. गळती नाही, आवाज नाही, काटा हळूहळू चढणं नाही, कारण या गाडीच्या डॅशबोर्डवर कूलंटचा काटाच नाही. परवापर्यंत ठणठणीत असलेली गाडी एका सकाळी पिवळं, मग लाल चिन्ह दाखवते, ताकद कापते आणि तुम्ही बाजूला. साधारण एक लाख किलोमीटरच्या अलीकडे-पलीकडे हा प्रसंग येतो, असा या इंजिनाच्या मालकांचा अनुभव. लाल चिन्ह दिसल्यावर ‘घर दोनच किलोमीटर आहे’ म्हणून रेटलं, तर सिलिंडर हेड वाकण्याची तयारी ठेवा. त्यामुळे पंप आणि थर्मोस्टॅट एकत्र, आणि जायच्या आधी बदलायचे. पंप खाली अडचणीत बसतो, मजुरी सोसावी लागते.

कूलंट भरण्यातला फरक फारसा कोणी सांगत नाही. बॉक्स्टरच्या लांब पाइपांत हवा अडकते, म्हणून ती व्हॅक्यूम लावून भरणं सगळ्यात चांगलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजात बादलीने भरली तर हवेचा बुडबुडा कुठेतरी बसून राहतो आणि पुढच्याच जामात तापमान चढतं. झेड-फोर हे काम स्वतः करते. बॅटरीला चार्जर लावा, इग्निशन चालू ठेवा, इंजिन नाही. हीटर सर्वांत गरम, फुंकणी सर्वांत कमी, आणि एक्सलेटर दहा सेकंद तळापर्यंत दाबून धरा. पंप आपणहून सुमारे बारा मिनिटं फिरून हवा काढून टाकतो. दोघींतही नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतायचं नाही. जड पाण्याचे क्षार आतून चिकटले की बाहेरून कितीही धुवा.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. २००९ पासूनच्या बॉक्स्टरची पीडीके (पोर्शची डबल क्लच गिअरबॉक्स) आणि झेड-फोरची सात गिअरची डबल क्लच, दोन्ही तेलात बुडालेल्या क्लचच्या. बोरघाटाच्या चढावर जाम लागला की एक्सलेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम सरका. मागचा हॉर्न वाजवेल, क्लच वाचेल.

मग घ्यायची कोणती? रोज ऑफिसला न्यायची असेल, तर मी झेड-फोर घेईन. पण पंप आणि थर्मोस्टॅट बदलल्याचं बिल हातात असेल तरच. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा आणि नोंदणी झाल्याच्या आठवड्यातच काम उरकावं. नव्या पंपाची झेड-फोर शहरात निर्धास्त चालते.

रविवारी सकाळी ताम्हिणीपर्यंत जाऊन यायचं आणि गाडीखाली डोकावायची हौस असेल, तर बॉक्स्टर. तिची दुखणी आधी कळतात: पंखा बिघडतो, कचरा साठतो, टाकीच्या सांध्याशी वाळलेल्या कूलंटचा पांढुरका डाग दिसतो. लक्ष देणाऱ्याला ती वेळ देते, न देणाऱ्याला महागात पाडते. शक्यतो २००९ पासूनचीच बघा. त्यातलं इंजिन नवीन रचनेचं आहे आणि आधीच्या इंजिनांतली इंटरमीडिएट शाफ्टच्या (इंजिनातल्या एका दांड्याच्या) बेअरिंगची भानगड त्यात नाही.

ट्रायल मात्र दोन्हींची भर दुपारीच मागा. विक्रेता सकाळी सातला बोलावतो, रस्ता मोकळा, हवा गार, गाडी लोण्यासारखी. तुम्ही डोंगल खिशात घेऊन चारला जा आणि एसी लावून वीस मिनिटं गर्दीत काढा. बॉक्स्टर एका आकड्याशी येऊन पंख्याच्या तालावर खाली-वर होत राहिली पाहिजे. झेड-फोर १०० ते १०८ च्या आत हिंडली पाहिजे. आकडा थांबायचं नाव न घेता एकेक अंश चढतच राहिला, तर चावी परत द्या.