ट्रगीच्या डिफमध्ये पातळ ऑइल की जाड? ५-७-३ आणि १०-१५-७ शेजारी शेजारी

ट्रगी म्हणजे रिमोटवर चालणारा छोटा रेसिंग ट्रक. त्याचे डिफ, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल, उघडायची वेळ आली की सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो, ऑइल कुठलं भरू, आणि विचारायला गेलं की प्रत्येकजण आपले तीन आकडे सांगून मोकळा होतो पण ते आकडे त्याच्या ट्रॅकसाठी आणि त्याच्या बोटासाठी असतात हे कोणी सांगत नाही. म्हणून इथे १/८ (खऱ्या गाडीच्या आठव्या भागाएवढी) फोर व्हील ड्राइव्ह ट्रगी धरून दोन सेटअप शेजारी ठेवतोय. एक पातळ, ५-७-३, म्हणजे पुढच्या डिफमध्ये ५ हजार सीएसटी (ऑइलच्या जाडीचं माप), सेंटरला, म्हणजे पुढच्या मागच्या अॅक्सलच्या मधल्या डिफला, ७ हजार, मागे ३ हजार. दुसरा जाड, १०-१५-७. तुमचा ट्रक कुठल्या बाजूला झुकवायचा ते शेवटपर्यंत वाचलंत तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डिफच्या दोन्ही बाजू सारख्या वेगाने फिरत असतील तर आतले छोटे गिअर एकमेकांवर फिरतच नाहीत आणि तेव्हा आत ३ हजार असो की ५० हजार, काही फरक पडत नाही. ऑइल कामाला लागतं ते एक बाजू दुसरीपेक्षा जोरात पळायला लागली की, आणि फरक जितका जास्त तितका विरोध जास्त. म्हणजे मागचं ऑइल सरळ पट्ट्यात जवळजवळ झोपलेलं असतं, ते जागं होतं वळणात आणि आतलं चाक हलकं होऊन फिरायला लागलं की. सेंटरचं मात्र थ्रॉटल दाबला, ब्रेक मारला, जंपवरून उतरला, खड्ड्यातून गेला, प्रत्येक वेळी जागं होतं, म्हणून माझ्या मते पहिला निर्णय सेंटरचा घ्यायचा, पुढचं मागचं नंतर.

तर सेंटर. ७ हजारावर तुम्ही जोरात थ्रॉटल दिला की ट्रकचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि ताकद तिकडे पळून जाते, पुढचे टायर फुगल्यासारखे मोठे होऊन फिरताना लांबूनही दिसतात. याचा तोटा म्हणजे ओढ कमी मिळते. पण फायदाही तोच, बोट जरा जड पडलं तरी ट्रक एकदम झेप घेत नाही, खडबडीत धुळीच्या ट्रॅकवर तो शांत राहतो, चुका पोटात घालतो. १५ हजारावर पुढचा मागचा अॅक्सल बांधल्यासारखे बरोबर फिरतात, वळणातून बाहेर पडताना चारही चाकं खेचतात, डबल जंपच्या आधी जागा कमी असेल तर हा सेटअप सरळ सरळ सोपा पडतो. फक्त ट्रॅक खड्ड्याखड्ड्यांचा झाला की हाच ट्रक चिडचिडा होतो, प्रत्येक खड्ड्याचा धक्का स्टिअरिंगमध्ये येतो. पुढचे टायर खूप फुगताना दिसले तर जाडकडे जा, खड्ड्यात ट्रक उडायला लागला तर पातळकडे या, एवढं साधं ठेवलं तरी बरंच काम होतं.

इलेक्ट्रिकवाल्यांनी इथे आणखी एक बघायला हवं. नायट्रोमध्ये, म्हणजे इंधनाच्या इंजिनवर चालणाऱ्या ट्रकमध्ये, सेंटरजवळ पुढच्या मागच्या ब्रेकच्या डिस्क वेगळ्या असतात आणि बायस, म्हणजे पुढे मागे ब्रेक किती वाटायचा ते, हाताने लावता येतो. इलेक्ट्रिकमध्ये ब्रेक मोटरच मारते आणि तो सेंटर डिफमधूनच दोन्हीकडे जातो, त्यामुळे सेंटर पातळ असेल तर ब्रेक मारल्यावर हलकी झालेली मागची चाकं आधी लॉक होतात आणि शेपूट बाहेर यायला बघते. सेंटर जाड केलं की पुढची मागची चाकं बांधली जातात आणि ट्रक सरळ थांबतो. म्हणून इलेक्ट्रिक ट्रगीला ७ हजार सेंटर मी सहसा सुचवत नाही, १० पासून सुरू करा म्हणतो, आणि ताकद अंगावर येत असेल तर ऑइल पातळ करायच्या आधी ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) पंच, म्हणजे सुरुवातीचा झटका, कमी करून बघा, त्याला पाच मिनिटं पण लागत नाहीत.

आता पुढचा डिफ. ५ हजारावर थ्रॉटल सोडून वळणात शिरताना ट्रक छान आत वळतो, अरुंद ट्रॅकवर हे सोन्यासारखं असतं. पण ग्रिप असताना थ्रॉटल दिला की आतलं पुढचं चाक रिकामं फिरतं आणि ट्रक बाहेर ढकलला जातो. १० हजारावर उलटं, ब्रेक मारून शिरताना नाक सरळ राहतं, वळणातून बाहेर पडताना दोन्ही पुढची चाकं खेचतात, म्हणजे ज्याची सवय थ्रॉटलवर राहून वळण काढायची आहे त्याला हेच आवडणार. जो आधी सोडतो, ट्रक वळवतो आणि मग दाबतो त्याला ५ किंवा ७. तुम्ही कसे चालवता हे प्रामाणिकपणे बघितलंत की पुढचा आकडा आपोआप निघतो.

मागच्या डिफबद्दल फार लिहायला नको. ३ हजारावर वळणात मागे पकड चांगली आणि ट्रक आत शिरायलाही तयार, पण बाहेर पडताना आतलं मागचं चाक फिरून ताकद वाया जाते. ७ हजारावर ते फिरणं कमी होतं, पुढे जोर मिळतो, मात्र निसरड्या ट्रॅकवर दोन्ही मागची चाकं एकदम सुटली की ट्रक गोल फिरतो आणि सावरायला वेळ मिळत नाही. ग्रिप कमी असेल तर मागे ३ वरच थांबा, ५ हा बहुतेक ठिकाणी चालणारा आकडा, ७ फक्त चांगला चिकट ट्रॅक असेल तर.

बग्गीवाल्यांचे आकडे तसेच्या तसे उचलू नका बरं. ट्रगीची चाकं मोठी आणि जड, ट्रक रुंद आणि वजनदार, त्यामुळे बग्गीत ठीक वाटणारं ऑइल ट्रगीत पातळ वाटतं, सहसा एक पायरी वर जावं लागतं. आणि स्लॅश ४x४ सारख्या ज्या ट्रकमध्ये सेंटर डिफ नाही, स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) आहे, तिथे पुढचा मागचा अॅक्सल आधीच बांधलेला असतो म्हणून वरचा सेंटरचा सगळा भाग सोडून द्या आणि पुढचं मागचं एवढंच बघा. टू व्हील ड्राइव्ह स्टेडियम ट्रकला तर एकच डिफ, तिथे वरचा मागच्या डिफचा हिशोब लागू, आकडे वेगळे असले तरी दिशा तीच.

पायऱ्या कशा चढायच्या हे पण महत्त्वाचं आहे. ऑइलमध्ये वजाबाकी नाही, पट बघायची. ३ वरून ५ म्हणजे दीडपटीच्या वर, तो फरक गाडी चालवताना लगेच कळतो, पण १० वरून १२ गेलात तर बहुतेकांना काहीच कळत नाही आणि मग लोक म्हणतात डिफ ऑइलने काही होत नाही. ३, ५, ७, १०, १५, २०, ३० अशा पायऱ्या धरा, एका वेळी एकच डिफ बदला, आणि तोच टायर तोच ट्रॅक ठेवून चालवा. ओलावा वाढून ट्रॅक बदलला असेल तर त्या दिवशीची तुलना सोडून द्या.

भरण्यात गडबड असेल तर वरचं सगळं व्यर्थ. जुनं ऑइल नीट क्लीनरने धुऊन काढा, ३ हजाराचे अवशेष राहिलेल्या डिफमध्ये १० भरलं तर ते १० राहत नाही. आतले गिअर आणि त्यांच्या पिना झाकल्या जातील इतकंच भरा, काठोकाठ नाही, कारण गरम झालं की ऑइल फुगतं आणि जागा नसेल तर आउटड्राइव्हच्या (डिफमधून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या) ओ-रिंगमधून बाहेर येतं. भरून थोडा वेळ ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या, मग झाकण लावा. छोटा वजनकाटा असेल तर दर वेळी तेवढ्याच ग्रॅमने भरा. गॅस्केट दबलेलं दिसलं तर बदला, त्यावर पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. लांबलेल्या मेनमध्ये (मुख्य रेसमध्ये) सेंटर सगळ्यात जास्त तापतं आणि तापलं की पातळ होतं, म्हणून उन्हाच्या दिवसात लांब रेस असेल तर फक्त सेंटर एक पायरी जाड ठेवणं मला पटतं. ऑइल राखाडी काळं झालं असेल तर त्यात धातूचा कीस आहे, तेव्हा नुसतं बदलू नका, गिअरचे दात आणि शिम (पातळ वॉशर) पण बघा.

मग घ्यायचं काय? धुळीचा, खडबडीत, निसरडा ट्रॅक आणि नायट्रो असेल किंवा तुम्ही नवीन असाल तर ५-७-३, फक्त नवीन असून ट्रक इलेक्ट्रिक असेल तर सेंटर १०. इलेक्ट्रिक, ट्रॅक ओलसर चिकट आणि गुळगुळीत, जंपच्या आधी जागा कमी, तर १०-१५-७. नक्की सांगता येत नसेल तर ७-१०-५ भरा, तिथून दोन्ही बाजूंना जायला जागा राहते, पण किटच्या मॅन्युअलमध्ये दिलेले आकडे याच्या जवळपास असतील तर आधी तेच चालवून बघा. बाटल्या एकाच कंपनीच्या घ्या, दोन कंपन्यांचं १० हजार सारखंच वाटेल याची खात्री नाही, आणि शॉकच्या ऑइलचे वेटचे आकडे इथे लावू नका, ते मोजमाप वेगळं. ३, ५, १० आणि १५ एवढ्या चार बाटल्या पुरतात. ७ वेगळं घ्यायची गरज नाही, ५ आणि १० समसमान मिसळलं की ते साधारण ७ हजारावर येतं, साडेसातावर नाही. फक्त नीट एकजीव करा आणि भरायच्या आधी रात्रभर झाकून ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातात.