टचस्क्रीन कॉन्फिगरेटर: डेमो बघून पैसे सोडू नका

ग्राहकाने दुकानातल्या पडद्यावर बुटाचा किंवा बॅगेचा रंग स्वतः निवडायचा आणि ऑर्डर द्यायची, यासाठीचा कॉन्फिगरेटर विकत घेताना दुकानदार फसतो तो बहुतेकदा डेमोच्या दिवशी. कॉन्फिगरेटरचा विक्रेता स्वतः पडद्यासमोर उभा राहतो, तळवा पांढरा करतो, नाडी लाल करतो, बूट गोल फिरवतो. सगळं तयारच आहे असं वाटतं आणि मोठा हप्ता सुटतो. नंतर कळतं की ती आधीच काढून ठेवलेली पंधरा-वीस चित्रं होती.

हिशोब करून बघा. बुटाचे ६ भाग आणि प्रत्येकाला ८ रंग म्हणजे रंगांच्या २,६२,१४४ वेगवेगळ्या जुळण्या. एवढी चित्रं कुणी काढून ठेवत नाही. खरं सॉफ्टवेअर भागांचे पारदर्शक थर एकावर एक ठेवतं (एका कोनाला ४८ थर पुरतात), नाहीतर थ्रीडी मॉडेलवर तिथल्या तिथे रंग चढवतं. म्हणून डेमोत बोट तुमचंच हवं. विक्रेत्याने न दाखवलेली रंगांची जुळणी लावा, मग एकच भाग बदला. बाकीचे पाच भाग मूळ रंगावर परतले, तर मागे फक्त चित्रं आहेत. त्यानंतर ऑर्डर दाबा आणि पलीकडे काय पोहोचलं ते मागा. प्रत्येक भागाचा कोड, रंगाचा कोड आणि साईज आली पाहिजे. नुसता पडद्याचा फोटो ईमेलने आला, तर त्यावरून कारखान्याला काम सुरू करता येत नाही. रंगांची जी जुळणी कारखान्यात बनतच नाही, ती पडद्याने निवडू देता कामा नये, हेही तपासा.

कोटेशनमध्ये ‘कपॅसिटिव्ह टच’ (फोनसारखी, बोटाचा विद्युत परिणाम ओळखणारी काच) लिहून इन्फ्रारेड फ्रेम (अदृश्य किरणांच्या आड काय आलं ते ओळखणारी चौकट) बसवणं हाही नेहमीचा प्रकार. कोरड्या लाकडी पट्टीचं टोक काचेला लावा. इन्फ्रारेड त्यालाही दाद देतो, कपॅसिटिव्ह देत नाही. मोठ्या पडद्याला इन्फ्रारेड चालतो, पण त्याच्या उंच कडेत धूळ साचते, थेट ऊन पडलं की आपोआप टच होऊ लागतात, आणि पैसे मात्र महाग कपॅसिटिव्ह काचेचे घेतलेले असतात. पॅनलच्या पाठीवरचा मॉडेल नंबर कोटेशनशी जुळवा. दिवसाला १६ किंवा २४ तास चालणाऱ्या पॅनलऐवजी घरगुती टीव्ही लावलेला सापडतो.

पडदा चालवणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सच्या सेटिंगमध्ये दिसणारा रॅमचा (चालू कामासाठीच्या मेमरीचा) आकडा खोटा असू शकतो. त्यावर विसंबण्यापेक्षा यंत्र १२ तास सलग चालवा आणि मधूनमधून रंग बदलत राहा. संध्याकाळी रंग बदलायला सकाळपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर मेमरी मोकळी होत नसावी.

सगळ्यांत महाग पडते ती मालकी. सर्व्हर विक्रेत्याचा, पासवर्ड त्याच्याकडे, थ्रीडी फाइल्सही त्याच्याच. मग दर वाढवला तरी मुकाट्याने द्यावा लागतो, नाहीतर पडदा बंद. डेमोत इंटरनेट तोडून बघा, म्हणजे काय काय बाहेरून येतं ते उघडं पडेल. मॉडेलच्या मूळ फाइल्स, सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) आणि अ‍ॅडमिन खातं तुमच्या नावावर देण्याची अट करारात घाला. शेवटचा हप्ता निदान तिसरा हिस्सा ठेवा आणि दोन आठवडे खऱ्या ग्राहकांच्या ऑर्डर कारखान्यापर्यंत बिनचूक पोहोचल्यावरच तो द्या.