कॅम पुढे घ्यावा की मागे?

कॅमशाफ्ट (कॅम) म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा. त्याचं टायमिंग हलवलं की इंजिनची ताकद वाढते, असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेक वेळा ती वाढत नाही, सरकते. खालच्या आरपीएमची थोडी वर जाते, किंवा वरची खाली येते. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी एकच गोष्ट नीट पाहा: तुमच्या गाडीचा आरपीएमचा काटा दिवसभर असतो कुठे?

सगळी गोम इनटेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा घेणारी झडप) बंद होण्याच्या क्षणात आहे. पिस्टन तळ गाठून वर निघाला तरी हा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत धावणारी हवा स्वतःच्याच वेगामुळे, पिस्टन वर येत असतानाही सिलिंडरमध्ये घुसत राहते. इंजिन सावकाश फिरत असेल तर तिच्यात तो रेटा नसतो; मग पिस्टन आत आलेली हवाच परत ढकलून देतो.

कॅम अ‍ॅडव्हान्स केला, म्हणजे पुढे घेतला, की व्हॉल्व्ह लवकर मिटतो. परत जाणारी हवा अडते, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि पिकअप सुधारतो. चढावर गिअर उतरवायची वेळ कमी येते. बदल्यात वरच्या आरपीएमला इंजिनचा श्वास लवकर तुटतो. शिवाय दाब वाढल्यामुळे, आधीच नॉकिंगच्या (इंधन अवेळी भडकण्याच्या) काठावर असलेलं इंजिन भर टाकल्यावर खडखडू लागतं. तिथे इग्निशन (ठिणगीची वेळ) थोडं मागे घ्यावं लागतं.

रिटार्डचं, म्हणजे कॅम मागे घेण्याचं, नेमकं उलट. इंजिन वरच्या टोकाला जास्त वेळ ओढतं, पण जागेवरून उठताना गाडी मरगळलेली वाटते. ट्रॅकवर काटा खाली येऊच द्यायचा नसेल तर हा सौदा चांगला. रोजच्या वापराच्या गाडीत मी तो करणार नाही.

आणखी एक. क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावरून) कॅमला फिरवणारी टायमिंग चेन झिजून लांबली की कॅमला आपोआप रिटार्ड करते. ओव्हरहेड कॅमच्या, म्हणजे कॅम वर हेडमध्ये असलेल्या, इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून घेतलं असेल तरी तेच होतं, कारण कॅम क्रँकच्या जवळ येतो. ‘कॅम पुढे घेतला आणि गाडी उडायला लागली’ या किश्श्यांपैकी काहींत कॅम फक्त मूळ जागी परत आलेला असतो. तेव्हा आधी चेन तपासा.

दोन कॅमचं इंजिन असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) कॅम वेगवेगळे हलवता येतात, आणि ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, हातात येतो. इनटेक पुढे आणि एक्झॉस्ट मागे घेतला की तो वाढतो. एक्झॉस्ट मोकळा असेल तर बाहेर पडणारा धूर ताजी हवा आत खेचायला मदत करतो. पण आयडलिंगला इंजिन थरथरतं. टर्बोच्या गाडीत एक्झॉस्टचा दाब इनटेकपेक्षा वर गेला तर जळालेला वायू उलटा आत शिरतो, म्हणून तिथे ओव्हरलॅपला फार हात लावू नये.

गाडीत व्हेरिएबल टायमिंग असेल तर हा प्रश्न बराचसा सुटलेलाच असतो. अल्फा रोमिओनं 1980 मध्ये, बीएमडब्ल्यूनं 1992 च्या व्हॅनॉसमध्ये चालू इंजिनातच कॅम सरकवायची सोय दिली. होंडाचं 1989 चं व्हीटेक वेगळं. ते टायमिंग सरकवत नाही, कॅमचा उंचवटाच बदलतं. अशा गाडीत अ‍ॅडजस्टेबल स्प्रॉकेटपेक्षा (कॅम हलवता येणाऱ्या दातेरी चाकापेक्षा) ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, मॅपवर खर्च केलेला बरा.

बिनव्हेरिएबल इंजिनात मात्र स्प्रॉकेट कामाचं, पण क्रँकच्या 2 ते 4 अंशांनी सुरुवात करा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून कॅमचा 1 अंश म्हणजे क्रँकचे 2. स्प्रॉकेटवरच्या खुणा कॅमच्या अंशांच्या आहेत की क्रँकच्या, ते आधी बघा. टायमिंग बेल्ट ‘एक दात’ चढवून बघू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. 40 दातांच्या स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश होतात.

कॅम पुढे घेताना इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ जातो, मागे घेताना एक्झॉस्ट. म्हणून बदल केल्यावर स्टार्टर मारण्याआधी प्लग काढून क्रँक हातानं पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, कॅम परत जुन्या खुणेवर आणा.