हिरव्या रिसेप्टरचे उंदीर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डेल्टा ओपिऑइड रिसेप्टरला (अफूसारखी द्रव्ये ओळखणाऱ्या, चेतापेशींवरील एका प्रथिनाला) हिरवे प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश टाकल्यावर चमकणारे, प्रथिन जोडलेले नॉक-इन (मूळ जनुकातच हा बदल केलेले) उंदीर नागपुरातील आमच्या प्रयोगशाळेत येऊन आता आठ महिने झाले. संशोधक ब्रिजिट किफर यांच्या गटाने २००६ साली या उंदरांवरील संशोधन प्रसिद्ध केले होते. आम्ही या उंदरांकडे वळलो ते रिसेप्टरला चिकटून तो दाखवणाऱ्या प्रतिपिंडांवरचा विश्वास उडाल्यामुळे. रिसेप्टरचे जनुकच काढून टाकलेल्या उंदराच्या मेंदूचे कापही त्या प्रतिपिंडाने तितकेच उजळले, तेव्हा आधीच्या वर्षभराच्या चित्रांवर काट मारावी लागली.

अनेक ट्रान्सजेनिक (बाहेरचे जनुक घातलेल्या) उंदरांत रिसेप्टर बनवणारी पेशी तेवढी आतून उजळते, रिसेप्टर पेशीत नेमका कुठे आहे ते कळत नाही. या उंदरांत रिसेप्टरच्याच टोकाला हिरवे प्रथिन असते. हिप्पोकॅम्पस या मेंदूतील भागाच्या कापात मोजक्याच चेतापेशी दिसतात आणि त्यांच्या कडेने बारीक हिरवी किनार असते. या रिसेप्टरला चेतवणारे एसएनसी-८० हे औषध देऊन वीस मिनिटांनी घेतलेल्या कापात ती किनार विरलेली आणि पेशीच्या आत हिरवे ठिपके जमलेले मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा बराच वेळ कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकासमोरून उठवेना. पुस्तकात बाणांनी दाखवलेली रिसेप्टर आत ओढला जाण्याची क्रिया इथे डोळ्यांसमोर होती.

मात्र हा उजेड मंद आहे. लेझर वाढवला तर तो विझत जातो आणि म्हाताऱ्या उंदरांत पेशींची स्वतःचीच चमक त्याला झाकते. त्यामुळे हिरव्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड वापरावेच लागते, पण त्याची पारख हिरवे प्रथिन नसलेल्या, त्याच विणीतल्या साध्या भावंडावर करता येते, हा मोठा दिलासा आहे. शिवाय हे हिरवे प्रथिन पेशीच्या आतल्या आम्लयुक्त कप्प्यांत मंदावते, म्हणून ठिपका फिका पडला की रिसेप्टर नष्ट झाला, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ३७२ अमिनो आम्लांच्या रिसेप्टरला २३९ अमिनो आम्लांचे शेपूट जोडल्यावर त्याची वागणूक अजिबात बदलत नाही, असे गृहीत धरणे मला पटत नाही. या उंदरांत रिसेप्टरचे प्रमाणही सामान्य उंदरांपेक्षा जास्त असते आणि तो पेशीच्या पृष्ठभागावर इतका ठळक दिसतो तो या शेपटामुळे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणून ‘रिसेप्टर कुठे आहे’ या प्रश्नाचे आमचे प्रत्येक उत्तर आम्ही साध्या उंदरांत रिसेप्टरचा आरएनए (जनुकाची कामाची प्रत) तपासून पडताळतो.

सांभाळणे सोपे नाही. प्राणी नीतिसमितीची परवानगी, कानाच्या तुकड्यावरून प्रत्येक पिल्लाची पीसीआर तपासणी, हे सवयीचे होते. नागपूरचा मे महिना होत नाही. एका रात्री प्राणिगृहातील वातानुकूलन बंद पडले, सकाळपर्यंत दोन विणींतली सगळी पिल्ले गेली आणि उरलेल्या माद्या पुढे दीड महिना गाभण राहिल्या नाहीत. तेव्हापासून प्रजननाच्या दोन जोड्या जनरेटरवर चालणाऱ्या वेगळ्या खोलीत असतात आणि पुढच्या उन्हाळ्याआधी या वाणाचे शुक्राणू गोठवून ठेवण्याची तयारी सुरू आहे.